चाळीस मिलिमीटर कव्हर : खाडीपुलाच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी, नाशिक प्रयोगशाळा

१८ नोव्हेंबर

दक्षिण कोकणातल्या खाडीपुलाचे १२ कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने) आज सातपूरच्या प्रयोगशाळेत पोहोचले. पूल आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा), ३५ वर्षांचा, सळयांवरचं कव्हर, म्हणजे बाहेरच्या काँक्रीटची जाडी, ४० मिमी. वर टी-गर्डर (तुळया), खाली १.२ मीटर व्यासाचे गोल पिअर (खांब). भरतीच्या रेषेच्या वर पिअरला उभ्या भेगा आहेत, गर्डरच्या खालच्या अंगाचे पोपडे सुटलेत आणि मागच्या दुरुस्तीत केलेल्या पॅचच्या कडेकडेने पुन्हा गंजाचे ओघळ आलेत. ठरवायचं आहे ते इतकंच : काँक्रीट कुठे आणि किती खोल काढायचं, पिअरच्या जॅकेटला (भोवती ओतायच्या नव्या काँक्रीटच्या थराला) मिक्स कोणतं आणि आत राहणाऱ्या सळयांचं काय करायचं.

प्रत्येक कोअर १०० मिमी व्यासाचा, १५० मिमीच्या आसपास लांब. बाहेरच्या तोंडावर बाण हवा होता, दोन कोअरवर तो नाही. पण शटरिंगकडचं तोंड गुळगुळीत आणि तुटलेलं टोक खडबडीत असल्यामुळे दिशा सहज लागली.

कोअर काढताना बिटावर कोणतं पाणी सोडलं, याची मात्र साइटच्या तक्त्यात नोंदच नव्हती. विचारल्यावर कळलं की पहिले ९ टँकरच्या गोड्या पाण्यावर काढले, शेवटचे ३ खाडीच्या पाण्यावर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड (मिठातला सळई गंजवणारा भाग) असतं. ते पाणी कोअरच्या अंगावरून वाहिलं की कडेची भुकटी खोटं बोलते. १०, ११ आणि १२ या कोअरवर लाल पट्टी लावली. त्यांची भुकटी फक्त गाभ्यातून घ्यायची.

२१ नोव्हेंबर

रंगाच्या चाचण्या. पिअर २ च्या उसळत्या पाण्याच्या पट्ट्यातला कोअर ३ प्रेसमध्ये उभा चिरला. पाण्याच्या करवतीने कापला नाही, कारण करवतीचं पाणी तोंडावरचं मीठ धुऊन नेतं.

एका अर्ध्यावर अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फथॅलिन फवारलं. बाहेरचे जेमतेम ५ मिमी बिनरंगाचे राहिले, पुढे सगळं गडद गुलाबी. फिनॉल्फथॅलिन अल्कधर्मी काँक्रीटमध्येच गुलाबी होतं. म्हणजे इथे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो अल्कधर्म जाणं, त्याने सळईचं संरक्षण सुटतं) नाममात्र आहे. छिद्रं सदैव पाण्याने भरलेली असली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला आत वाट मिळत नाही.

दुसऱ्या अर्ध्यावर ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. क्लोराइड असेल तिथे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर बसतो, नसेल तिथे उजेडात तपकिरी रंग चढतो. पांढरा पट्टा बाहेरच्या तोंडापासून सुमारे ६० मिमी आत गेलेला दिसला. या कोअरमध्ये ३८ मिमीवर रिंगेचा (आडव्या गोल सळईचा) तुकडा सापडला आहे. चिरताना तो सुटून आला तेव्हा त्याच्या समुद्राकडच्या अंगावर हिरवट काळा, ओलसर लेप होता. सावलीत ठेवलेला तो लेप अर्ध्या तासात कडेकडेने तांबूस झाला. आत प्राणवायू कमी मिळत होता, म्हणून गंज अर्धवट अवस्थेत होता. बाहेरून या जागी ना भेग होती ना डाग. सळईच्या मागच्या अंगावर लेप नव्हता, तिथे सळईची मूळ निळसर काळी खपली शाबूत होती.

गर्डरच्या पोटातला, पावसापासून आडोशाला असलेला कोअर ९ : कार्बोनेशन १८ मिमी. तुलनेसाठी नाशिकमधल्याच नाल्यावरच्या एका जुन्या स्लॅबचा कोअर कपाटात होता, त्यावरही फवारा मारला : २७ मिमी. इथली कोरडी हवा कार्बोनेशनला मानवते आणि क्लोराइड जवळजवळ नसतंच. कोकणात नेमकं उलट. म्हणून नाशिकच्या पुलांवर बसलेला हात खाडीवर जसाच्या तसा चालत नाही. इथे फिनॉल्फथॅलिनने गुलाबी रंग दाखवला की बहुतेक वेळा सळई सुखरूप असते. खाडीवर गर्द गुलाबी काँक्रीटमध्येही सळई खाल्लेली निघते.

२४ नोव्हेंबर

साइटवरून आलेली हाफ-सेलची (सळईचा विद्युतदाब काँक्रीटच्या पृष्ठभागावरून मोजण्याची) मापं आलेखावर मांडली. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड, ३०० मिमीची चौकट, प्रत्येक घटकावर सळईशी नवी जोडणी. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी मानकाचा ठोकताळा असा : उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे ३५० पेक्षा जास्त ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मधलं सगळं अनिश्चित.

पिअर २ च्या उसळत्या पट्ट्यात उणे ४१० ते उणे ४८०. ओहोटीच्या रेषेखाली मात्र सरसकट उणे ६२० च्या आसपास. हे पाहून घाबरून पायापर्यंत तोडफोड करायची गरज नाही. सतत बुडालेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे आकडा खूप ऋण येतो, पण गंजाचा वेग नगण्य असतो. नुसता आकडा पाहू नये. शेजारच्या दोन मापांत किती उतार आहे ते पाहावं. बुडालेल्या भागात उतार नाही, सगळं सपाट आहे.

उतार आहे तो पिअर कॅपवरच्या (पिअरच्या माथ्यावरच्या टोपावरच्या) जुन्या पॅचपाशी. पॅचवर उणे १५०, आणि कडेपासून २०० मिमी सरकलं की उणे ३९०. पॅचमध्ये पॉलिमर मॉर्टर आहे, त्याचा विद्युतरोध जास्त, म्हणून पॅचवरचा आकडा थोडा फसवा असेल. तरी कडेचा गंज डोळ्यांनीही दिसतो. कारण सरळ आहे. दुरुस्तीआधी तिथली गंजणारी सळई धनाग्र (गंजणारं टोक) होती आणि शेजारच्या सळयांना ऋणाग्र (न गंजणारं टोक) बनवून आपसूक जपत होती. ती घासून, नवं मॉर्टर लावून तिला शांत केलं. शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ होतंच, आता तिथली सळई धनाग्र झाली. पॅच टिकला आणि पुलाचा गंज एक हात बाजूला सरकला. ही दुरुस्ती कुणी निष्काळजीपणे केली असं नाही, मॉर्टर आजही ठणठणीत वाजतं. मोजलं नव्हतं ते शेजारच्या काँक्रीटमधलं मीठ.

२७ नोव्हेंबर

भुकटी घेणं सुरू. १० मिमीचा एक थर, प्रत्येक थराची निदान २० ग्रॅम भुकटी, मग १५० मायक्रॉनची चाळणी. दोन थरांमध्ये कटर आणि ट्रे ब्रशने साफ करून अल्कोहोलने पुसायचा. बाहेरच्या थरातली चिमूटभर भुकटी आतल्या थरात मिसळली की आतला आकडा फुगतो, इतका फरक असतो.

२ डिसेंबर

टायट्रेशन, म्हणजे भुकटीतलं क्लोराइड मोजणं. ५ ग्रॅम भुकटी, नायट्रिक आम्लात उकळून गाळली. १० मिली ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट घातलं, उरलेलं अमोनियम थायोसायनेटने मोजलं, दर्शक फेरिक अलम. थायोसायनेट घालण्याआधी सिल्व्हर क्लोराइडचा साका गाळून काढलाच पाहिजे. नाहीतर थायोसायनेट साक्यातली चांदी ओढत राहतं, फिकट लाल रंग येतो आणि जातो, आणि क्लोराइड प्रत्यक्षापेक्षा कमी भरतं.

सकाळी कोरी (भुकटीविना केलेली) चाचणी ०.३ मिली जास्त आली. धुण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी भरलेलं होतं. सकाळचे चारही नमुने रद्द करून दुपारी पुन्हा केले.

कोअर ३ चे आकडे, काँक्रीटच्या वजनाच्या टक्केवारीत, बाहेरून आत : ०.२९, ०.३४, ०.२७, ०.२१, ०.१५, ०.११, ०.०७, ०.०५. पहिला थर दुसऱ्यापेक्षा कमी आहे, ती चूक नाही. पावसाळ्यात गोडं पाणी बाहेरचा थर धुऊन काढतं आणि जो काही कार्बोनेट झालेला भाग असतो तिथलं सिमेंटला बांधलेलं क्लोराइड सुटून आत ढकललं जातं. आलेख बसवताना हा पहिला थर सोडून द्यायचा.

मोजमापाची पट्टी : जुन्या नोंदीत घनमीटरला ३५० किलो सिमेंट आहे. सिमेंटच्या ०.४ टक्के हा गंज सुरू होण्याचा नेहमीचा उंबरठा धरला तर घनमीटरला १.४ किलो, म्हणजे काँक्रीटच्या ०.०५८ टक्के. सळईपाशी, ३५ मिमीवर, ०.२१ आहे. उंबरठ्याच्या साडेतीनपट.

९ डिसेंबर

पिअर कॅप ३ चा कोअर ११ वेगळाच निघाला. बाहेर ०.१२, ३० मिमीनंतर ०.०४, आणि तिथून १४० मिमीपर्यंत ०.०४ च. उतरत्या वक्राला शेपूट असतं, पण ते शून्याकडे जातं. हे सपाट आहे.

कोअर ११ खाडीच्या पाण्यावर काढलेला, त्यामुळे पहिला संशय त्या पाण्यावर. कडेपासून ३० मिमी आतल्या गाभ्याची भुकटी वेगळी तपासली, तीही ०.०४. मग त्याच कॅपमधला, टँकरच्या पाण्यावर काढलेला कोअर ८ तपासला. त्याच्याही तळाला ०.०४. म्हणजे मीठ बाहेरून आलेलं नाही, ओततानाच आत होतं.

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरल्यावर खात्री पटली. सिमेंटच्या राखाडी लगद्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे, वक्र तुकडे चमकत होते, एकावर तर शिंपल्याच्या बारीक रेषा स्पष्ट. खाडीची वाळू, न धुतलेली. ०.०४ टक्के म्हणजे घनमीटरला ०.९६ किलो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा आरसीसीसाठी ०.६ किलो आहे. या कॅपमधल्या सळयांनी उंबरठ्याचा दोन तृतीयांश रस्ता पहिल्या दिवशीच कापलेला होता. बाकीच्या कॅपमध्ये शिंपले नाहीत. बहुधा त्या एका ओतकामापुरती वाळू बदलली असावी.

या कॅपसाठी वेगळी दुरुस्ती लागेल. इथे कव्हर वाढवून बाहेरचं मीठ अडवता येईल, आतलं नाही.

१६ डिसेंबर

कोअर ३ ला फिकच्या दुसऱ्या नियमाचा (मीठ काळानुसार किती आत झिरपतं त्याचा) वक्र बसवला. पृष्ठभागाचं क्लोराइड ०.४५ टक्के, विसरण गुणांक (मीठ आत झिरपण्याचा दर) वर्षाला सुमारे ३१.५ चौरस मिमी. उंबरठ्याएवढं मीठ जिथवर पोहोचलंय ती आघाडी आज ७१ मिमीवर आहे. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा पट्टा ६० वर दाखवला होता. रंगाची कड नेमक्या एका टक्केवारीवर बसत नाही, त्यामुळे एवढा फरक चालतो.

आघाडी वेळेच्या वर्गमुळाने सरकते. म्हणून मागे जाऊन हिशेब करता येतो. ४० मिमी कव्हरपाशी ती ११ व्या वर्षी पोहोचली. कव्हर ५० असतं तर १७ वर्षं लागली असती. ७५ असतं तर ३९, म्हणजे आज गंज सुरूही झाला नसता. काँक्रीट तेच, सिमेंट तेच, फक्त ३५ मिमी जास्त. कव्हर ब्लॉकच्या ऐवजी खडीचा चपटा तुकडा सरकवून देणाऱ्या प्रत्येक हाताला हा हिशेब दाखवावा असं मनापासून वाटतं. १० मिमी कव्हर चुकलं तर आयुष्य १० मिमीच्या प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतं.

हिशेबात गुणांक स्थिर धरलाय. प्रत्यक्षात काँक्रीट जुनं होतं तसा तो कमी होतो, त्यामुळे पहिली काही वर्षं आघाडी याहून वेगाने सरकली असणार. ११ वर्षं हा उदार आकडा आहे.

२२ डिसेंबर

जॅकेटसाठी तीन मिक्स ओतली. आयआरसी ११२ (काँक्रीटच्या पुलांचं भारतीय मानक) प्रमाणे भरती-ओहोटी आणि उसळत्या पाण्याचा पट्टा सर्वांत कडक वर्गात मोडतो : एम ४५ (२८ दिवसांची ताकद ४५ एमपीए), पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ पर्यंत, सिमेंटयुक्त पदार्थ किमान ४०० किलो, कव्हर ७५ मिमी, आणि ५६ दिवसांना क्लोराइड भेद्यता ८०० कूलंबच्या आत (चाचणीत काँक्रीटमधून गेलेली वीज, जितकी कमी तितकं चांगलं).

तिन्हीत घनमीटरला ४४० किलो बाइंडर (सिमेंटयुक्त पदार्थ), १५४ लिटर पाणी, १० मिमी खडी, स्लंप फ्लो (ओलं काँक्रीट पसरतं तो व्यास) ६५० मिमीच्या आसपास. खडी साइटच्या क्रशरवरून पोत्यांनी मागवली, कारण इथल्या खाणीतल्या खडीवर बसवलेलं पाणी तिथे जुळत नाही.

मिक्स अ : सगळं ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड सिमेंट). मिक्स ब : ओपीसी ३०८ किलो, एकलहऱ्याच्या (नाशिकजवळच्या) वीजकेंद्राची फ्लाय ॲश (राख) १३२ किलो. मिक्स क : ओपीसी १९८, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) २२०, सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिका) २२. सिलिका फ्यूम खडीसोबत आधी कोरडं फिरवलं. शेवटी घातलं की गोळ्या राहतात, आणि गोळी म्हणजे काँक्रीटमधली कमकुवत गाठ.

११ जानेवारी

थंडी कडक आहे. क्युअरिंग टाकीतल्या (नमुने भिजवून पिकवायच्या टाकीतल्या) किमान तापमानमापीवर आज पहाटे १८ अंश. २७ अधिक-उणे २ हवं. टाकीचा हीटर चालू दिसतो, पण थर्मोस्टॅट अडकलेला. गेल्या आठवड्याच्या नोंदीत पाण्याचं तापमान फक्त दुपारचं लिहिलंय, २४ आणि २५. रात्री काय होत होतं ते कुणी पाहिलं नव्हतं.

अ वर याचा फारसा परिणाम होणार नाही, पण फ्लाय ॲशला होतो. तिची सिमेंटमधल्या चुन्याशी होणारी प्रक्रिया मुळातच संथ आणि थंडीत ती जवळपास थांबते. ब चे निकाल येतील ते मिक्सचे नसतील, टाकीचे असतील. थर्मोस्टॅट बदलला, टाकीला थर्माकोल लावला, रात्री २ ची नोंद बंधनकारक केली.

१५ जानेवारी

ब पुन्हा ओतलं. जुने नमुनेही टाकून दिले नाहीत, थंडीचा फरक किती पडतो ते कळेल.

१९ जानेवारी

२८ दिवसांचे क्यूब : अ ६२, ब ४९, क ५८ एमपीए. एम ४५ साठी लक्ष्य सरासरी ५३.२५. ब नापास, कारण माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

५६ दिवसांची क्लोराइड भेद्यता, एएसटीएम सी १२०२. काल ५० मिमीच्या चकत्या कापून कडांना इपॉक्सी लावलं, ३ तास निर्वात, मग पाण्याखाली आणखी १ तास निर्वात, मग रात्रभर भिजत. आज ६० व्होल्ट, ६ तास, ऋण बाजूला ३ टक्के मिठाचं पाणी, धन बाजूला ०.३ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड.

सेलच्या रबरी गॅस्केटकडे नीट पाहायचं. एका सेलमध्ये दीड तासाने विद्युतप्रवाह अचानक चढला. काँक्रीटमुळे नाही, कडेने पाझर होऊन दोन्ही द्रव भेटले होते. तो निकाल बाद.

चाचणी ९५ मिमी व्यासाच्या चकतीवर आधारलेली, आपल्या चकत्या १०० मिमीच्या. म्हणून आलेले कूलंब ९५ भागिले १०० च्या वर्गाने, म्हणजे ०.९०२५ ने गुणायचे. दुरुस्तीनंतरचे आकडे : अ २१५०, ब ९८०, क ५२०. केवळ ओपीसीचं मिक्स ताकदीत सगळ्यांत पुढे आणि मीठ अडवण्यात सगळ्यांत मागे. एम ४५ ची ताकद मिळाली म्हणजे पूल टिकेल, असं मानणाऱ्यांसमोर अ चे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

ही चाचणी खरं तर विजेची आहे, मिठाची नाही. छिद्रांतल्या पाण्यातले क्षार बदलले, तरी आकडा बदलतो. कॅल्शियम नायट्राइट घातलेल्या काँक्रीटला ती उगाच नापास करते, सिलिका फ्यूमवाल्याला थोडं झुकतं माप देते. म्हणून अ आणि क वर नॉर्डटेस्ट ४९२ ची स्थलांतर चाचणीही लावली : चकती फोडून सिल्व्हर नायट्रेट मारायचं आणि क्लोराइड प्रत्यक्षात किती आत गेलं ते पट्टीने मोजायचं. अ आणि क मध्ये तिपटीहून जास्त अंतर तिथेही राहिलं. क वर विश्वास ठेवायला हरकत नाही.

१३ मार्च

पुन्हा ओतलेल्या ब चे ५६ दिवस. सेलने दाखवले ८४२, व्यासाच्या दुरुस्तीनंतर ७६०. ८०० च्या आत, पण जेमतेम. थंड टाकीतला ब ९८० होता. ९ अंशांच्या फरकाने एवढं होत असेल, तर साइटवर ७ दिवसांऐवजी ३ दिवस पाणी मारलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

क नक्की केलं. दुसरं कारण वाहतुकीचं. एकलहऱ्याची राख नाशिकला हाताशी आहे, पण कोकणात न्यायची तर घाट उतरून लांबचा पल्ला. स्लॅग रायगड जिल्ह्यातूनच मिळते.

सळईबद्दल विचारणा होती. इपॉक्सीचा लेप दिलेली सळई या जागी नको. फ्लोरिडाच्या कीज बेटांवरच्या पुलांत उसळत्या पट्ट्यातली अशी सळई काही वर्षांतच लेपाखाली गंजलेली १९८६ साली आढळली. लेपाला ओढाताणीत पडलेला एक ओरखडा पुरतो, मीठ लेपाखाली पसरत जातं. स्टेनलेस सळई उत्तम. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा १९४१ च्या सुमारास पुरा झालेला धक्का याचा पुरावा आहे. पण जॅकेटमध्ये ७५ मिमी कव्हर आणि मिक्स क असताना साध्या सळईवर भागतं. खर्च कव्हर ब्लॉकवर आणि क्युअरिंगवर करावा.

२० मार्च

काँक्रीट किती काढायचं, यावर दोन दिवस गेले. पाठ्यपुस्तक म्हणतं, खारं काँक्रीट सळईच्या मागे २५ मिमीपर्यंत काढा. इथे ४० मिमी कव्हर, १० ची रिंग, २५ ची मुख्य सळई, मागे २५ : एकूण १०० मिमी. १२०० मिमीच्या पिअरची १०० मिमी साल सगळीकडून काढली, तर क्षेत्रफळ ६९ टक्क्यांवर येतं, तेही वर वाहतूक चालू असताना. हे करायचं नाही.

ठरलं असं. सुटलेलं, पोकळ वाजणारं आणि भेगाळलेलं काँक्रीटच काढायचं, तेही पिअरच्या परिघाचे चार भाग करून, एका वेळी समोरासमोरचे दोन. बाकीचं खारं पण मजबूत काँक्रीट राहील. ते राहणार म्हणूनच जस्ताचे बलिदानी (सळईऐवजी स्वतः झिजणारे) अॅनोड लागतील, नाहीतर पिअर कॅपवरच्या जुन्या पॅचची गोष्ट पिअरवर पुन्हा घडेल.

हिशेब : ४ मीटर उंचीच्या पट्ट्यात काँक्रीटचा पृष्ठभाग १५ चौरस मीटर. २५ मिमी सळया आणि १० मिमी रिंगा, दोन्ही १५० मिमीवर, म्हणजे काँक्रीटच्या दर चौरस मीटरला ०.७३ चौरस मीटर पोलाद. एकूण ११. अॅनोड ४५० मिमीवर, एका पिअरला ७५ नग. प्रत्येकी अर्धा मिलिअँपिअर धरला तर पोलादाच्या चौरस मीटरला ३.४ मिलिअँपिअर. जस्ताची सैद्धांतिक क्षमता किलोला ८२० अँपिअर-तास, १०० ग्रॅमच्या अॅनोडला ८२, त्यातले प्रत्यक्ष उपयोगी सुमारे ६०. म्हणजे १३ वर्षांच्या आसपास. त्यानंतर बदलावे लागतील, हे देखभाल वहीत आजच लिहून ठेवलं.

अॅनोडभोवतीचं मॉर्टर फार रोधक नको. जुन्या काँक्रीटच्या विद्युतरोधाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत चालेल. भारी पॉलिमर मॉर्टरमध्ये पुरलेला अॅनोड म्हणजे खोक्यात बंद केलेला अॅनोड.

शिंपल्याच्या कॅप ३ ला अॅनोड पुरणार नाहीत, तिथे बाहेरून वीज देणारं कॅथोडिक संरक्षण सुचवलं आहे. त्याचा आराखडा वेगळा.

१० एप्रिल

साइटवरच्या मुकादमांसाठी सूचना, जशा पाठवल्या तशा.

जॅकेट ओतायला भांगाचे दिवस धरा, अष्टमीच्या आसपासचे. तेव्हा भरती फार वर चढत नाही, कामाला सलग वेळ मिळतो. पायथ्याची पाहणी मात्र उधाणाच्या ओहोटीला करा, तेव्हाच खालचा भाग उघडा पडतो.

सळई घासल्यानंतर आणि ओतण्याआधी एकही भरती अंगावर गेली, तर पुन्हा गोड्या पाण्याने धुवा. सळईवर हलका तांबूस रंग आला तर चालेल, मीठ राहिलं तर नाही. धुतलेलं शेवटचं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं, की पुन्हा धुवा.

नवीन रिंगांचा पिंजरा जुन्या सळयांना कुठेही टेकू देऊ नका. डॉवेल (जोडसळया) इपॉक्सीत बसवताना भोक जुन्या सळईला लागलं, तर ते बंद करून शेजारी नवं पाडा. ओतण्याआधी मल्टिमीटर लावा, बीप वाजता कामा नये. नवं स्वच्छ पोलाद जुन्याला जोडलं गेलं तर ते मोठं ऋणाग्र होतं आणि जुनी सळई दुप्पट वेगाने खाल्ली जाते. अॅनोडची तार मात्र जुन्याच पिंजऱ्याला.

कव्हर ब्लॉक त्याच मिक्सचे, ७५ मिमीचे, नाशिकहून पाठवतो आहोत. बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा. बाहेर राहिलेलं एक टोक म्हणजे मिठाला दिलेली वाट.

क्युअरिंगला खाडीचं पाणी नाही. शटर ७ दिवस हलवू नका, वरून गोणपाट आणि गोडं पाणी.

२८ एप्रिल

पिअर २ चं जॅकेट ओतलं. १५० मिमी जाड, ४ मीटर उंच, २.५४ घनमीटर. स्लंप फ्लो ६४० आणि ६६०. तळापासून पंपाने वर भरत आणलं. वरून टाकलं असतं तर पिंजऱ्यातून पडताना खडी वेगळी झाली असती.

६ मे

काल शटर उघडलं. पायथ्याला समुद्राकडच्या अंगाला ३०० मिमी लांब मधमाशीच्या पोळ्यासारखी जागा. शटर आणि जुन्या काँक्रीटमधल्या फटीतून सिमेंटचं पाणी गळून गेलेलं. फोमची पट्टी एका जागी दुमडली होती. हातोडीने ठोकून कड नक्की केली, १० मिमी खोल चौकोनी कापून घेतली, मजबूत काँक्रीटपर्यंत फोडून त्याच मिक्सच्या बारीक खडीच्या काँक्रीटने भरली. निमुळती कड ठेवली नाही, ती पहिल्याच पावसाळ्यात उचलते. पुढच्या पिअरला फोमऐवजी जलद घट्ट होणाऱ्या मॉर्टरची कडा.

कव्हर मीटरने ४० ठिकाणी मापं : सगळ्यांत कमी ७१, सगळ्यांत जास्त ८३. दोन जागी ७५ खाली आहे, पण चालेल इतकंच.

२७ मे

पावसाआधीची शेवटची मापं. जॅकेटमध्ये जुन्या सळईजवळ दोन संदर्भ इलेक्ट्रोड पुरले आहेत, अॅनोडच्या तारा प्लास्टिकच्या डबीत बाहेर काढल्या आहेत. जोडणी तोडली, लगेचचं माप घेतलं, मग २४ तास तशीच ठेवली. निकष असा, की या २४ तासांत सळईचं विभव (विद्युतदाब) किमान १०० मिलिव्होल्टने धन दिशेला यायला हवं.

वरचा इलेक्ट्रोड : १२७. पास.

खालचा, दुरुस्त केलेल्या पायथ्याजवळचा : ८४. तिथे काँक्रीट सतत ओलं आहे, विभव परत यायला वेळ लागतो, म्हणून जोडणी आणखी ४८ तास तुटलेली ठेवून माप पुन्हा घ्यायचं आहे. तेव्हाही १०० झालं नाही, तर त्या अंगाला ६ अॅनोड वाढवायचे. वरच्याची जोडणी परत लावून डबीला सिलिकॉन भरलं.